बटणावरचा गडगडाट आणि कायद्याची मोजपट्टी

मोटारसायकलींवरून उतरवलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा, अशी कारवाई गेल्या काही वर्षांत पुणे, नागपूर, बेंगळुरू, हैदराबाद अशा अनेक शहरांच्या पोलिसांनी केली आहे. कर्णकर्कश आवाजाने त्रस्त झालेल्या नागरिकांनी तिचे स्वागतही केले. परंतु रोडरोलरखाली चिरडला जातो तो सदासर्वकाळ मोठा आवाज करणारा सायलेन्सर. चालकाच्या इच्छेनुसार आवाज वाढवणारी आणि क्षणार्धात पुन्हा कमी करणारी झडप ज्या मोटारीला बसवलेली आहे, ती मोटार नाकाबंदीतून निमूटपणे पुढे निघून जाते. मोकळा रस्ता लागला की चालक बटण दाबतो आणि तीच मोटार गर्जना करू लागते.

बटणाच्या आज्ञेत असणारा हा आवाज हौशी मंडळींच्या दृष्टीने तंत्रज्ञानाची किमया आहे. प्रशासनापुढे मात्र त्याने एक अवघड प्रश्न उभा केला आहे. वाहनाचा आवाज एकच असतो असे गृहीत धरून ध्वनिमर्यादेचे नियम तयार झाले. एकाच वाहनाला दोन आवाज असतील, तर त्यांपैकी कोणता आवाज कायद्याने मोजावा?

झडप काम कशी करते?

इंजिनातील प्रत्येक स्फोटानंतर उच्च दाबाचे तप्त वायू बाहेर फेकले जातात. त्या दाबाच्या लाटा एकामागोमाग एक आदळत राहिल्या, तर गोळीबारासारखा आवाज होतो. सायलेन्सरमधील छिद्रे पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे या लाटांना उलटसुलट वळवून परस्परांना छेद द्यायला लावतात. काही सायलेन्सरांत काचतंतूंचे अस्तर असते. ते आवाज शोषून घेते. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये अशा उपकरणाचे एकस्व मिळवले. मोटारयुगाच्या आरंभापासूनच गोंगाट ही समस्या मानली गेली होती, याची ही साक्ष म्हणता येईल.

बदलत्या आवाजाच्या प्रणालीत वायूंना दोन वाटा ठेवलेल्या असतात. एक वाट सायलेन्सरच्या सर्व कप्प्यांतून जाते, तर दुसरी जवळपास थेट बाहेर पडते. या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी फुलपाखराच्या पंखासारखी फिरणारी धातूची चकती असते. इंजिनातील निर्वात दाबाने किंवा लहानशा विद्युत मोटारीने ती उघडते व मिटते. कारखान्यात बसवलेल्या प्रणालीत या चकतीचे नियंत्रण संगणकाकडे असते. वेग, इंजिनाचे फेरे आणि चालकाने निवडलेली पद्धत यांनुसार ती हलते. गॅरेजमध्ये केलेल्या फेरफारात मूळ नळी कापून दुफाटा वितळजोड करतात आणि एका फाट्यावर झडप बसवतात. तिची कळ चालकाच्या हाताशी असते किंवा चावीच्या जुडग्यातील रिमोटमध्ये. हौशी वर्तुळात या जोडणीला कटआउट म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या मोटारींना पायाने दाबून सायलेन्सरला बगल देणारे कटआउट लावले जात. चढावर थोडी अधिक शक्ती मिळावी, हे त्याचे कारण सांगितले जाई. अनेक अमेरिकी शहरांनी त्यावर लवकरच बंदी घातली. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी मित्सुबिशीच्या थ्री थाउजंड जीटी या मोटारीत शांत आणि जोरकस असे दोन आवाज निवडण्याची सोय आली. टाटा समूहाने २००८ मध्ये जग्वार कंपनी विकत घेतली. त्या कंपनीच्या २०१३ मधील एफ टाइप या क्रीडा मोटारीतही निष्कासनाचा आवाज बदलणारे बटण उपलब्ध होते.

याच परंपरेतील एक प्रसंग बोलका आहे. फोर्ड कंपनीने आपल्या २०१८ च्या मस्टँग मोटारीत ठरावीक वेळी इंजिन शांतपणे सुरू होण्याची सोय दिली आणि तिला चांगल्या शेजाऱ्याची पद्धत अशा अर्थाचे नाव दिले. कंपनीच्याच एका माजी अभियंत्याने घरासमोर मोटार सुरू केली असता शेजाऱ्याने पोलिसांना बोलावले, त्यातून ही कल्पना सुचल्याचे कंपनीने सांगितले होते. नव्या सोयीमुळे आवाज सुमारे १० डेसिबलने घटत असे. डेसिबलचे प्रमाण घातांकी असल्याने १० डेसिबलची घट म्हणजे ध्वनिऊर्जा एक दशांश होणे. कानाला तो आवाज साधारण निम्मा वाटतो. मोठा आवाज विकणाऱ्या उत्पादकालाही तो शेजाऱ्याला नकोसा असतो, याची पूर्ण जाणीव होती, असाच याचा अर्थ होतो.

भारतीय कायद्याची भूमिका

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला निष्कासित वायूंचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. वाहनाची बांधणी आणि देखभाल पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीतील ध्वनिमानकांनुसार असावी, असेही हा नियम सांगतो. एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या मानकांनुसार प्रवासी मोटारींसाठी ७४ डेसिबल ही मर्यादा ठरली. दुचाकींसाठी इंजिनाच्या क्षमतेनुसार ८० घनसेंटिमीटरपर्यंत ७५, त्यापुढे १७५ घनसेंटिमीटरपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनांसाठी ८० डेसिबल अशा मर्यादा निश्चित झाल्या. वाहनापासून साडेसात मीटर अंतरावर, मोकळ्या जागेत हे मापन करावयाचे असते.

या तक्त्याच्या मथळ्यातील एक शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. ही मर्यादा वाहनाच्या उत्पादनाच्या टप्प्यावरची आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, यांसारख्या संस्थांच्या चाचणीमार्गावर नव्या नमुन्याच्या वाहनाची परीक्षा होते आणि तो उत्तीर्ण झाला की त्या नमुन्याची हजारो वाहने रस्त्यावर येतात. त्यानंतर वाहनाचा आवाज नियमितपणे तपासणारी व्यवस्था सामान्य मालकाच्या वाट्याला येत नाही. वाहनधारकांच्या परिचयाचे पीयूसी प्रमाणपत्र धुरातील घटक तपासते. त्या तपासणीत आवाज मोजला जात नाही. परिणामी कागदोपत्री निर्दोष असलेले वाहन रस्त्यावर कितीही गोंगाट करू शकते आणि तो पकडण्याची जबाबदारी चौकातील वाहतूक पोलिसाच्या कानावर येऊन पडते.

वाहनातील फेरफाराबाबत मात्र कायदा अधिक स्पष्ट आहे. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. नमुना चाचणीत प्रमाणित झालेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाजोगता बदल करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करून वाहन चालवणाऱ्यास कलम १९० लागू होते. पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती अपात्र ठरणे, अशी त्यात तरतूद आहे. चौकात प्रत्यक्ष आकारली जाणारी तडजोडीची रक्कम राज्यागणिक वेगळी असते.

न्यायसंस्थेनेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. बदललेल्या सायलेन्सरमुळे होणाऱ्या ध्वनिप्रदूषणाविषयी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये स्वतःहून कार्यवाही सुरू केली. त्यापूर्वी १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा संबंध राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला होता. कोणालाही आपला आवाज दुसऱ्यावर लादण्याचा हक्क नाही, हे तत्त्व त्या निकालाने अधोरेखित केले.

दोन फटी

कायदा इतका कठोर असूनही बटणावरचा आवाज निसटतो, याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण तपासणीच्या क्षणाशी निगडित आहे. पोलिसाने थांबवले तेव्हा झडप बंद असेल, तर ध्वनिमापक यंत्रही मर्यादेत राहणारा आकडा दाखवील. फेरफार सिद्ध करण्यासाठी वाहनाखाली वाकून जोड, तारा आणि चकती शोधावी लागते. दुचाकीस्वारांची क्लृप्ती याहून सोपी आहे. बाजारातील अनेक सायलेन्सरांच्या तोंडाशी डीबी किलर नावाची काढता येणारी नळी असते. एक स्क्रू सोडवला की ती हाती येते आणि पुन्हा बसवायला काही मिनिटे पुरतात. तिला कळ नसली, तरी प्रत्यक्षात ती बटणाचेच काम करते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु हा आकडा त्या कालावधीतील ध्वनिऊर्जेची सरासरी दर्शवतो. समजा, एका शांत गल्लीत रात्रभर ३८ डेसिबलची पातळी आहे आणि मध्यरात्रीनंतर एक मोटार पाच सेकंद ८० डेसिबलचा आवाज करून निघून गेली. आठ तासांची सरासरी काढली, तर ती ४४ डेसिबलच्याही आत राहते. हिशेबाने गल्ली शांत ठरते. प्रत्यक्षात मात्र तान्ही मुले, आजारी वृद्ध आणि पहाटेच्या पाळीला जाणारे कामगार दचकून जागे झालेले असतात. भोंगे, ध्वनिक्षेपक किंवा कारखाने यांच्या सततच्या आवाजाला लावलेली ही मोजपट्टी क्षणिक गडगडाटाला अपुरी पडते.

हे केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलपेक्षा कमी राखण्याची शिफारस आहे. वाहतुकीच्या गोंगाटाचा संबंध हृदयविकार आणि निद्राभंग यांच्याशी असल्याचे त्या अहवालाने नमूद केले. झोपलेल्या माणसाला जाग आली नाही, तरी अचानक आलेल्या आवाजाने हृदयाची गती आणि रक्तदाब वाढू शकतो.

युरोपचा अनुभव

हाच पेच युरोपपुढे भारताच्या आधी उभा राहिला. तेथील जुन्या ध्वनिचाचणीत मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने आणून ठरावीक टप्प्यात वेग वाढवला जाई आणि दोन्ही बाजूंच्या ध्वनिग्राहकांनी आवाज टिपला जाई. चाचणी नेमकी कोणत्या वेगाला आणि किती फेऱ्यांना होणार, हे आधीच ठाऊक असल्याने त्या टप्प्यात झडप बंद आणि त्याबाहेर उघडी राहील अशी संगणकीय आखणी शक्य होती. वाहन परीक्षेत सौम्य आणि रस्त्यावर उग्र ठरत असे.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये संमत केलेल्या नियमावलीने आणि संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या सुधारित नियम क्रमांक ५१ ने ही पळवाट अरुंद केली. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत बहुतांश प्रवासी मोटारींसाठी ती ६८ डेसिबलपर्यंत नेण्याचे ठरले. एका वेगाच्या चाचणीला इतर वेगांच्या आणि फेऱ्यांच्या पूरक चाचण्यांची जोड मिळाली. केवळ चाचणीपुरती कार्य करणारी आणि नेहमीच्या वापरात निष्क्रिय राहणारी यंत्रणा बसवण्यास मनाई करण्यात आली. चालकाला निष्कासनाच्या अनेक पद्धती निवडता येत असतील, तर त्या सर्व पद्धतींत वाहनाने मर्यादा पाळली पाहिजे, हे तत्त्वही स्पष्ट शब्दांत नमूद झाले.

या शेवटच्या तरतुदीतच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. वाहनाला दोन आवाज असतील, तर कायद्याने त्यांतील मोठा आवाज मोजावा. बटण ठेवण्यास हरकत नाही; मात्र बटणाच्या कोणत्याही स्थितीत मर्यादा ओलांडली जाता कामा नये. मर्यादेच्या आत राहून सूर बदलण्याची मोकळीक चालकाला मिळते आणि शेजाऱ्याच्या झोपेची हमीही राहते.

रस्त्यावरील वाहनांसाठी तेथे इतर उपायही योजले गेले. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतातील रॉयट जिल्ह्याने जून २०२० पासून उन्हाळी मोसमात ९५ डेसिबलपेक्षा अधिक स्थिर आवाजाची नोंद असलेल्या मोटारसायकलींना काही पर्वतीय रस्त्यांवर मज्जाव केला. हा आकडा वाहनाच्या नोंदणीपत्रावरच छापलेला असल्याने पोलिसाला जागेवर मापन करण्याची गरज उरली नाही. फ्रान्समध्ये ब्रुइपारिफ या संस्थेने चार ध्वनिग्राहकांचा मेदूज नावाचा ध्वनिवेधी संच विकसित केला. आवाज कोणत्या वाहनाकडून आला हे तो दिशेवरून ओळखतो आणि छायाचित्र घेतो. पॅरिस परिसरात त्याचे प्रयोग झाले. अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये बेकायदा सायलेन्सरसाठीचा कमाल दंड १,००० डॉलरपर्यंत वाढवला आणि न्यूयॉर्क शहराने ध्वनिग्राहकांची जोड दिलेले कॅमेरे वापरात आणले.

झडप उघडी असतानाचा क्षण पकडता येणे, हे या कॅमेऱ्यांचे वैशिष्ट्य होय. नाकाबंदीच्या ठिकाणी चालक सावध असतो; रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर तो नसतो.

आवाजाच्या बाजूने

आवाजाचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेणे न्याय्य ठरेल. झडप असलेली प्रणाली ही कायम उघड्या नळीपेक्षा अधिक सुसंस्कृत आहे, असा त्यांचा पहिला युक्तिवाद असतो. वस्तीत आवाज कमी आणि शर्यतीच्या मार्गावर अधिक ठेवता येतो, हे खरे आहे. चेन्नई आणि कोइम्बतूर परिसरातील किंवा दिल्लीजवळील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर मोटार चालवणाऱ्याला अशा सोयीचा उपयोग होऊ शकतो. अडचण इतकीच की, झडप केवळ शर्यतीच्या मार्गावर उघडली जाईल याची कोणतीही खात्री गॅरेजमधून मिळत नाही.

मोठ्या आवाजामुळे इतरांना वाहनाची चाहूल लागते आणि अपघात टळतात, असा दुसरा दावा केला जातो. तथापि, निष्कासनाची नळी पाठीमागे तोंड करून असते. ज्याला सावध करायचे तो पादचारी बहुधा पुढे असतो, आणि आवाजाचा मोठा वाटा मागे राहिलेल्या लोकांच्या पदरी पडतो.

शक्ती वाढते, हा तिसरा समज. वायूंचा अडथळा कमी झाल्याने उच्च फेऱ्यांना किंचित लाभ संभवतो. परंतु आजच्या मोटारींत इंधन, हवा आणि निष्कासन यांचे गणित संगणकाने एकत्र बसवलेले असते. केवळ एक नळी मोकळी केल्याने जाणवण्याइतका फरक क्वचितच पडतो. वाढलेला आवाज कानाला वाढलेल्या वेगासारखा भासतो, एवढेच.

दुसरीकडे धोके वास्तविक आहेत. एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके लागू आहेत आणि त्यांचा भार मोठ्या प्रमाणात उत्प्रेरक परिवर्तकावर असतो. झडप या परिवर्तकाच्या आधी बसवली, तर कच्चा विषारी धूर थेट हवेत मिसळतो. जोड सदोष असेल, तर रंग आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू मोटारीच्या तळाशी साचून आत शिरू शकतो. उष्णता आणि काजळीने चकती अडकते, तेव्हा शांत ठेवायची म्हणून घेतलेली मोटार कायमची गोंगाट करत राहते.

विषमतेचा मुद्दा

या चर्चेला सामाजिक बाजूही आहे. कोट्यवधी रुपयांच्या आयात मोटारीत झडप कारखान्यातूनच बसून येते. ती प्रमाणित तपशिलाचा भाग असल्याने फेरफाराचे कलम तिला लागू होत नाही. उपनगरातील तरुणाने कर्ज काढून घेतलेल्या दुचाकीचा सायलेन्सर मात्र रोडरोलरखाली जातो. त्या तरुणाचे वर्तन यामुळे समर्थनीय ठरत नाही. परंतु आवाजाचा त्रास हाच कारवाईचा आधार असेल, तर मोजपट्टी दोघांनाही सारखीच लागली पाहिजे. खिडकीच्या आत झोपलेल्या माणसाला वाहनाची किंमत ऐकू येत नाही.

शिवाय, फेरफाराबद्दल शिक्षा सांगणाऱ्या तरतुदीचा मुख्य रोख मालकावर आहे. काही शहरांत पोलिसांनी विक्रेते आणि गॅरेजवाले यांच्यावरही कारवाई केली, परंतु ती मोहिमेपुरती राहते. नळी कापणारा, झडप विकणारा आणि दुकानाबाहेर तिचे प्रात्यक्षिक देणारा यांच्यापर्यंत कायद्याचा हात नियमितपणे पोहोचला नाही, तर चिरडलेल्या प्रत्येक सायलेन्सरची जागा नवा सायलेन्सर घेत राहील.

उद्याचा आवाज

विद्युत वाहनांच्या प्रसाराबरोबर हा प्रश्न आपोआप मिटेल, अशी आशा व्यक्त केली जाते. ती अर्धीच खरी आहे. विद्युत मोटारीला निष्कासनाची नळी नसली, तरी ध्वनिक्षेपक बसवता येतो. अमेरिकेतील डॉज कंपनीने २०२२ मध्ये चार्जर डेटोना या विद्युत मोटारीची संकल्पना सादर केली, तेव्हा कृत्रिम निष्कासन प्रणालीतून १२६ डेसिबलपर्यंत आवाज निघेल असा दावा केला होता. इंजिन गेले, तरी गर्जनेची हौस उरतेच.

याच क्षेत्रात कायद्याने बटणाबाबत उलट दिशेनेही निर्णय घेतलेला आढळतो. कमी वेगात विद्युत वाहन जवळजवळ निःशब्द असल्याने दृष्टिहीन पादचाऱ्यांना धोका संभवतो. म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून सर्व नव्या विद्युत मोटारींना इशारा देणारा ध्वनी बंधनकारक केला. आरंभी हा ध्वनी तात्पुरता बंद करण्याची कळ ठेवण्यास मुभा होती. सुधारित आंतरराष्ट्रीय नियमाने ती काढून घेतली. वाहनाचा आवाज ही रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेची आणि स्वास्थ्याची बाब असल्याने ती सर्वस्वी चालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, हेच तत्त्व गडगडाटाच्या बाबतीतही लागू पडते.

भारतासाठी यातून काही पावले सुचतात. नमुना चाचणीत निवडता येणाऱ्या प्रत्येक पद्धतीत आवाज मोजला जावा आणि सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरला जावा, असे नियमात निःसंदिग्धपणे नमूद करता येईल. वाहनाच्या स्थिर आवाजाचा प्रमाणित आकडा नोंदणीपत्रावर छापला, तर चौकातील पोलिसाला तुलनेसाठी ठोस आधार मिळेल. वार्षिक तपासणीत धुराबरोबर आवाजाचाही समावेश होऊ शकतो. निवासी वस्तीत सरासरीबरोबरच क्षणिक कमाल आवाजाचीही मर्यादा ठरवता येईल. सुट्या सायलेन्सरांना प्रमाणन सक्तीचे करून विक्रीच्या ठिकाणीच त्यांची पारख करणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरू शकतो.

रोडरोलरची छायाचित्रे जरब बसवतात, यात शंका नाही. पण दर वेळी नव्या सायलेन्सरांचा ढीग जमतो, याचा अर्थ जरब फार काळ टिकत नाही. ज्या चालकाच्या हाती बटण आहे, त्याला कोणता आवाज त्रासदायक आहे हे नेमके माहीत असते. म्हणून तर पोलीस दिसताच तो झडप मिटतो. ती रात्रीही मिटलेली राहावी, यासाठी चालकाच्या सद्भावनेपेक्षा अधिक भक्कम व्यवस्था उभी करणे आता अगत्याचे झाले आहे.